नवऱ्याला युगांडातल्या साखर कारखान्यात नोकरी लागलीय, आम्ही सगळ्यांनीच जायचं का?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

ताई, नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली. मिस्टर इथल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट आहेत, पगार कायम चार-पाच महिने मागे. आता त्यांना युगांडात जिंजा म्हणून गाव आहे त्याच्या जवळच्या कारखान्यात ऑफर आलीय. पगार डॉलरमध्ये, क्वार्टर फुकट, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट. मुलगी चौथीत आहे, सेमी इंग्लिशला, मुलगा अडीच वर्षांचा. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, परमनंट. सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांना शुगर आहे. मिस्टर म्हणतात दोनच वर्षांचा प्रश्न आहे, सगळेच जाऊ. माहेरचे म्हणतात मलेरियाच्या देशात लहान लेकरू घेऊन कशाला जातेस. दोन महिन्यात कळवायचंय. मला खरंच काही सुचत नाही. — काळजीत पडलेली

अगं, आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं सविस्तर बोलू. जा, पण सगळे एकदम जाऊ नका. मिस्टरांना आधी जाऊ दे, वर्क परमिट हातात पडू दे, क्वार्टर कुठलं मिळतंय, शाळा कुठे आहे, जवळचा डॉक्टर किती लांब आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, आणि मुलीची चौथी इथे पूर्ण झाली की मग तू मुलांना घेऊन जा. मी त्याच पट्ट्यात कारखान्याच्या कॉलनीत संसार केलाय, आपल्या सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडची कितीतरी घरं तिथे येताना आणि तिथून परत जाताना बघितलीत, त्यामुळे हे ऐकीव नाही.

पत्र वाचून मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? त्यात मिस्टरांचा पगार आहे, मुलीची शाळा आहे, मुलाचा मलेरिया आहे, सासूबाईंची शुगर आहे, आणि तुझ्याबद्दल एकच ओळ, की मी पतसंस्थेत क्लार्क आहे. माझ्या बघण्यात जी कुटुंबं वर्षभरात सामान गुंडाळून परत आली त्यातली फार थोडी मलेरियामुळे आली. नवऱ्याला पहिल्या दिवसापासून कारखाना असतो, शिफ्ट असते, बोलायला माणसं असतात, पोरं तर पंधरा दिवसात रुळतात. बाईचा दिवस मात्र सकाळी डबा भरून झाला की संध्याकाळपर्यंत रिकामा, बाहेर दोन्ही बाजूला ऊस, गेटवर अस्कारी म्हणजे वॉचमन, आणि कुठे जायचं तर नवऱ्याची सुट्टी किंवा कंपनीची गाडी यायची वाट बघत बसायचं. याचा विचार जायच्या आधी कोणी करत नाही, म्हणून मी तो करायला लावणार आहे. पण आधी तुझ्या माहेरच्यांच्या प्रश्नाचं बघू, कारण तोही खरा आहे.

मलेरिया. तिथे तो बारा महिने असतो, आपल्यासारखा पावसाळ्यापुरता नाही. आणि जवळजवळ सगळा फाल्सिपेरम, म्हणजे तोच जो डोक्यात जातो असं आपल्याकडे म्हणतात. तिथली मोठी माणसं लहानपणापासून पुन्हा पुन्हा आजारी पडून थोडीफार टणक झालेली असतात, त्यांना दोन दिवस ताप येतो, गोळ्या खातात, कामावर जातात. आपलं तसं नाही, आपल्या अंगात ती ताकद नसते, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तर सगळ्यात जास्त धोका. पुण्याच्या सीरमची आर-21 नावाची मलेरियाची लस युगांडाने 2025 च्या एप्रिलपासून सरकारी लसीकरणात घेतलीय, पण ती सहाव्या महिन्यापासून सुरू होऊन दीड वर्षाला संपते, तुझा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलाय, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नकोस.

मग करायचं काय? हा डास संध्याकाळी अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. विषुववृत्त अगदी जवळ असल्याने तिथे वर्षभर सात वाजता अंधार, उन्हाळा नाही हिवाळा नाही, रोज सातला. तर सहा-साडेसहालाच पोरं घरात, पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि झोप औषध लावलेल्या मच्छरदाणीतच, एकही रात्र सुट्टी नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचायची, नुसती सोडून ठेवायची नाही. खिडक्यांना जाळी कंपनी बसवून देते का ते मिस्टरांना पहिल्या आठवड्यात बघायला सांग, एखाद्या कोपऱ्यात फाटली असेल तर ती तू पोचायच्या आधी बदलून घ्यायची. मलेरिया होऊ नये म्हणून ज्या गोळ्या असतात त्या तिथे कायम राहणारे बहुतेक लोक वर्षानुवर्षं घेत नाहीत, पण तुझ्या धाकट्यासाठी सुरुवातीचे महिने तरी घ्यायच्या का, कुठल्या आणि वजनाप्रमाणे किती, हे निघायच्या महिनाभर आधी बालरोगतज्ज्ञांना विचार. क्लोरोक्विन तिथे चालत नाही, कोणी आपल्याकडून डबेच्या डबे बांधून देत असेल तर घेऊ नकोस.

आणि ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. बोटातून एक थेंब रक्त, पट्टीवर टाकतात, पंधरा-वीस मिनिटात कळतं. 'बघू उद्यापर्यंत, सर्दीचा असेल' हे वाक्य तिथे घरातून काढून टाकायचं. वेळेत निघालेला मलेरिया आर्टेमेथर-लुमेफँट्रिनच्या गोळ्यांनी तीन दिवसात आटोक्यात येतो, कॉलनीच्या दवाखान्यात त्या असतातच. उशीर झाला की मात्र फार वाईट होतं. अजून एक, सुट्टीवर इकडे आल्यावर पुढच्या तीन महिन्यात कुणाला ताप आला तर डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरल्या शिरल्या सांगायचं की आम्ही आफ्रिकेतून आलोय. आपल्याकडचे डॉक्टर व्हायरल म्हणून दोन दिवस काढतात, त्यांचा दोष नाही, त्यांना माहितीच नसतं तुम्ही कुठून आलात.

लसीचं सांगते. यलो फिव्हरची लस चौघांनाही लागेल, तिच्या पिवळ्या कार्डाशिवाय युगांडात प्रवेश नाही आणि परत येताना भारतातही अडवतात, कार्ड नसेल तर सहा दिवस क्वारंटाईन. लस ठराविक सरकारी सेंटरलाच मिळते, पुण्यात बी. जे. मेडिकलला, मुंबईत एअरपोर्ट हेल्थवाल्यांकडे, आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून तिकीट काढून मग पळापळ नको. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए चं पण त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घे. पाणी उकळूनच प्यायचं हे तुला सांगायला नको.

आता एक गोष्ट जी तुला एचआर सांगणार नाही आणि बहुतेक मिस्टरांनाही कोणी सांगणार नाही. तिथे मँगो फ्लाय नावाची माशी असते, ती बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. तो कपडा अंगात घातला की त्यातून निघालेली बारीक अळी कातडीत शिरते आणि आठवड्याभरात तिथे पुटकुळी येते, आपल्याला वाटतं गळू झालंय किंवा मुंगी चावलीय, पण नीट बघितलं तर मधोमध एक काळा ठिपका असतो आणि मूल म्हणतं आत काहीतरी हलतंय. घाबरायचं काही नाही, त्या ठिपक्यावर व्हॅसलिनचा जाड थर देतात, अळीला हवा मिळेना झाली की ती वर येते, मग बाहेर काढतात. पण पोराच्या पाठीवर अशी पुटकुळी पहिल्यांदा बघितली की आईचं काय होतं ते मी बघितलंय. उपाय साधा आहे, बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा, अगदी चड्डी, झबलं, टॉवेल, चादरसुद्धा, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करूनच वापरायचा, शिवणीवरून जास्त. कामाला बाई असेल तर तिला हे माहीत असतंच, तीच तुला शिकवेल. आणि लाल-काळा पट्ट्यांचा एक लांबट किडा लाईटवर येतो, नैरोबी फ्लाय म्हणतात, तो अंगावर बसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा, चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर पिकनिकला जाल तेव्हा पोरांना पाण्यात उतरू देऊ नकोस, कितीही स्वच्छ दिसलं तरी, त्यात बिलहार्झियाचे, म्हणजे कातडीतून अंगात शिरणाऱ्या बारीक कृमींचे जंतू असतात.

हवेची मात्र काळजी करू नकोस. जिंजा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे, त्यामुळे आफ्रिका म्हटलं की जो रखरखाट डोळ्यासमोर येतो तो तिथे नाही, आपल्या मे महिन्यापेक्षा कितीतरी बरं. पाऊस वर्षातून दोनदा जोर धरतो, मार्च ते मे आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पुढे, आणि विजा भयंकर कडाडतात, सरोवराकाठचा तो भागच तसा आहे. पावसात पोरांना झाडाखाली किंवा मैदानात थांबू द्यायचं नाही.

मिस्टरांच्या कामाबद्दल एक सांगते, कारण त्याचा तुझ्या संसारावर परिणाम होतो. आपल्याकडे मोळी पडली की चार-पाच महिने नवरा घरात दिसत नाही, पण मग ऑफ सीझन येतो, रिपेअरिंगची कामं असतात, थोडा निवांतपणा असतो, लग्नकार्यं, यात्रा, सगळं त्यात बसवतो आपण. तिथे ऊस वर्षभर तुटतो आणि कारखाना जवळजवळ वर्षभर चालतो, मेंटेनन्सचे काही दिवस सोडले तर. म्हणजे हंगामातला नवरा तुला बारा महिने मिळणार, केमिस्ट म्हटल्यावर रात्रपाळी आलीच. मिस्टर सोबत असतील म्हणून काळजी नाही असं धरून चालू नकोस, ते सोबत असतील पण झोपलेले असतील.

म्हणून आता तुझ्याबद्दल.

युगांडात तू डिपेंडंट पासवर राहशील, नवऱ्याच्या परमिटवर अवलंबून. त्या पासवर पगारी नोकरी करता येत नाही, त्यासाठी वेगळं वर्क परमिट लागतं. कॉलनीतल्या शाळेत किंवा ऑफिसात काम मिळेल असं कोणीतरी तोंडी सांगेल, ते परमिट कंपनी काढून देणार असेल आणि लेखी देणार असेल तरच खरं मानायचं. बिनापरवाना काम करत राहिलीस आणि तपासणी आली तर त्रास तुलाही होतो आणि मिस्टरांनाही. पतसंस्थेचा राजीनामा आत्ता देऊ नकोस. आधी बिनपगारी रजा किती मिळते ते विचार, सेवानियम वाच, चेअरमनना स्वतः भेट, एक वर्ष दिलं तर एक वर्ष घे. लोक म्हणतील एवढ्याशा पगाराच्या नोकरीसाठी काय अडून बसलीस, पण ती परमनंट नोकरी आहे, तुझ्या नावाची आहे, आणि मिस्टरांचा पगार थकला होता त्या महिन्यांत घर तिच्यावरच चाललं असणार, तू लिहिलं नाहीस तरी मला कळतंय.

आणि गाडी शिक. स्कूटर नाही, चारचाकी. हे मी तिकडे जाणाऱ्या प्रत्येकीला सांगते आणि यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, म्हणून वेगळं शिकावं लागत नाही. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट मिळतं, ते घेऊन जायचं आणि तिथलं लायसन्स लवकरात लवकर करून घ्यायचं. ज्या बायकांना गाडी येते त्या सकाळी पोरांना सोडून जिंजाच्या मार्केटला जातात, मैत्रिणीकडे जातात, आजारी मूल घेऊन स्वतः दवाखान्यात पोचतात. ज्यांना येत नाही त्या गेटपाशी ड्रायव्हर कधी येतोय बघत उभ्या असतात, किंवा बोडा-बोडावर बसतात. बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल, स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, पण अपघात इतके होतात की कडेवर मूल घेऊन तिच्यावर बसायचंच नाही. जुनी जपानी गाडी मिळते तिथे, मिस्टरांना सांग की पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये ती गाडी धरायची, आणि टीव्ही-फर्निचरच्या आधी धरायची.

शाळेचं. मुलगी चौथीत म्हणजे वय चांगलं आहे, भाषेची भीती बाळगू नकोस, युगांडात शाळा इंग्रजीतच असते आणि सेमीच्या पोरांना पहिली तीन-चार महिने जड जातं, मग ती आपल्यालाच दुरुस्त करायला लागतात. अडचण वेगळी आहे. तिथल्या शाळांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरला संपतं, सातवीला मोठी परीक्षा. इंटरनॅशनल शाळा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात आणि फी डॉलरमध्ये. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा हवी तर राजधानी कंपालाला, आणि कंपाला ऐंशी किलोमीटर, वाटेत मुकोनोच्या आसपास असा जाम लागतो की रोजचं जाणं-येणं सोडूनच दे. काही जण आईला आणि मुलांना कंपालात भाड्याने ठेवतात आणि नवरा शनिवारी येतो, मग फुकट क्वार्टरचा उपयोग काय झाला? म्हणून कॉलनीची शाळा कितवीपर्यंत आहे आणि त्यापुढे मुलं कुठे जातात, हे मिस्टरांनी तिथल्या दोन-तीन घरांत जाऊन विचारायचं, ऑफिसात नाही.

मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणाली तर हेही माहीत असू दे, महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला जायचं असेल तर डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. म्हणजे तिच्या आठवीपर्यंत कधीतरी परत यायचं हे आजच मनात पक्कं करून ठेवा. मिस्टर दोन वर्षं म्हणतायत, पण ते काँट्रॅक्ट आहे, पहिलं संपलं की दुसरं समोर येतं, पगार वाढवून देतात, आणि दोन वर्षांसाठी गेलेली माणसं दहा वर्षं राहिलेली मी बघितलीत. त्यात वाईट काही नाही, फक्त ते ठरवून व्हावं. शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, जन्मदाखले इंग्रजीतले, सगळं घेऊन जा, आणि आठवीपर्यंत परत आल्यावर वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, तेवढी भीती नको.

ऑफर लेटर आलंय ना? ते तू स्वतः वाच, मिस्टरांनी वाचलंय म्हणून सोडू नकोस. त्यात 'फॅमिली स्टेटस' हे शब्द आहेत का बघ. नसतील तर क्वार्टर एकट्या माणसाचं मिळतं, तुमची तिकिटं, तुमचे पास, तुमचं दवाखान्याचं बिल सगळं स्वतःच्या खिशातून. चौघांचं वर्षाला एकदा येण्याजाण्याचं तिकीट कोण देणार? शाळेची फी किती? गंभीर आजारात कंपाला, नैरोबी किंवा भारतात हलवायचा खर्च कोणाचा? काँट्रॅक्ट मधेच तुटलं तर परतीचं तिकीट कोणाचं? पगार नेट सांगितलाय का ग्रॉस? कारण तिथे चांगल्या पगाराला इन्कम टॅक्स तीस टक्क्यांवर जातो, आणि एनएसएसएफ म्हणून आपल्या पीएफसारखं आहे त्यात पाच टक्के पगारातून कापतात, दहा टक्के कंपनी घालते. ग्रॉसचा आकडा ऐकून घराचे बेत केले आणि हातात पडल्यावर तोंडं उतरली असं होता कामा नये. हे सगळं फोनवर नाही, लेखी, किमान ईमेलवर. मधे एजंट असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आहे का तपासा, नोंदणीकृत एजंटला कायद्याने तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, कोणी लाखात मागत असेल तर तिथेच थांबायचं. पासपोर्ट परमिटच्या कामापुरता कंपनीकडे जाईल, परत मागून घ्यायचा.

बँकेचं थोडक्यात. मिस्टर परदेशी नोकरीला गेले की इथलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं खातं करावं लागतं, पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं पण नवीन उघडता येत नाही. जायच्या वर्षी भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिले तर त्या वर्षापासून एनआरआय धरतात, म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागायच्या आत निघालेलं बरं पडतं, सीएला एकदा दाखवा. आणि येणाऱ्या पैशातला ठरलेला भाग दर महिन्याला तुझ्या एकटीच्या नावावर जाऊ दे. तू नोकरी थांबवून जाणार आहेस, तुझा पीएफ थांबणार आहे, हे भांडून मागायचं काही नाही, दोघांनी बसून ठरवायचं आहे.

तिथल्या माणसांबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लुगाझीचा कारखाना नानजी कालिदास मेहतांनी 1924 ला सुरू केला, जिंजाजवळच्या काकिराचा मूळजीभाई माधवानींनी 1930 ला, जिंजाच्या मेन स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतींवर अजून भारतीय मालकांची नावं आणि सालं दिसतात. मग 1972 ला हुकूमशहा इदी अमीनने भारतीय वंशाच्या लोकांना नव्वद दिवसात बाहेर काढलं, पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात लोकांना परत बोलावून मालमत्ता परत दिल्या. तरी राग पूर्ण गेलाय असं नाही. 2007 च्या एप्रिलमध्ये माबिराच्या जंगलाची जमीन उसाला द्यायच्या प्रस्तावावरून कंपालात मोर्चा निघाला, त्यात भारतीयांवर हल्ले झाले, एका भारतीयाचा जीव गेला. हे घाबरवायला सांगत नाही. रोजच्या जगण्यात मला तिथे जेवढी मायेची माणसं भेटली तेवढी क्वचित कुठे भेटली असतील, तू ठेच लागून अडखळलीस तर रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस थांबून 'सॉरी, सॉरी' म्हणतो, जणू त्याच्याच पायाला लागलंय. पण आपल्यातले काही लोक कामाच्या बाईशी, अस्कारीशी ज्या आवाजात बोलतात ना, ते ऐकून मला लाज वाटायची, आणि पोरं तेच उचलतात. तिथे कामाचं बोलायच्या आधी कशी आहेस, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत हे विचारतात, मग काम. तू पण तसंच कर, आणि मुलीला कॉलनीतल्या भारतीय पोरांपुरतं ठेवू नकोस.

खाण्यापिण्याचं अजिबात टेन्शन घेऊ नकोस. तूरडाळ, पीठ, हिंग सगळं भारतीय दुकानात मिळतं, शेंगदाणे, तीळ तर तिथलेच, आणि नाचणी त्या भागाचं मूळ धान्य आहे, मार्केटला पीठच मिळतं, धाकट्याला आंबील, सत्त्व सगळं करता येईल. गूळसुद्धा मिळेल, उसाचा मुलूख आहे. सामानात कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या जास्तीच्या टाक, काळा मसाला टाक, आणि तीन चौकोनी पिनांचे प्लग अॅडॉप्टर, व्होल्टेज आपलंच आहे, मिक्सर चालतो.

राहिल्या सासूबाई. त्यांना बरोबर नेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. साठीच्या पुढे यलो फिव्हरची लस देताना डॉक्टर फार विचार करून देतात, त्यात शुगर, आणि तिथे डोळे-पाय-किडनीचं नियमित बघणारा डॉक्टर कॉलनीजवळ असेलच असं नाही. पण त्यांना एकटं ठेवून जायचं आणि नणंद बघेल असं आपणच गृहीत धरायचं हेही चुकीचं. मिस्टर आधी जातील ते तीन-चार महिने तू इथे आहेस ना, त्या वेळात नणंदेशी, दीर असतील तर त्यांच्याशी मिस्टरांनी स्वतः बोलायचं, तू नाही. रात्री सोबतीला कोण, इन्सुलिन असेल तर कोण देणार, दर तीन महिन्यांनी तपासणीला कोण नेणार, आणि त्याचे पैसे दर महिन्याला किती पाठवायचे, हे माणसाच्या नावासकट ठरू दे. सासूबाईंना पण विचारा की त्यांना कुठे राहायचंय, बऱ्याचदा तेच राहून जातं. युगांडा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यांच्या रात्री आठला तिथे साडेपाच वाजलेले असतात, पोरं शाळेतून आलेली असतात, रोज बोलायला ती वेळ चांगली पडते. व्हिडिओ कॉल उचलायला त्यांना आत्तापासूनच शिकव.

माहेरच्यांना हे पत्र वाचायला दे, मलेरियाचा भाग तरी. मिस्टरांना ऑफर लेटरचा भाग दे, आणि त्यांनी कंपनीला ईमेल केला की उत्तर काय येतं ते मला कळव. फॅमिली स्टेटस आणि हॉस्पिटलचा खर्च लेखी द्यायला कंपनी टाळाटाळ करू लागली तर त्यांना एकट्याला एक वर्ष जाऊ दे, तू आणि मुलं इथेच राहा, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. लेखी दिलं तर मुलीची परीक्षा झाल्यावर लसींच्या अपॉइंटमेंट घे. ड्रायव्हिंगचा क्लास मात्र कशासाठी थांबवू नकोस, या सोमवारीच लाव.